गवत, पेंढा, सुतळी

आमच्या नात्यात कुणी गेलं की बाराव्याच्या जेवणानंतर सगळी बोटं माझ्याकडे वळतात. "तू बोल रे चार शब्द, तुला येतं." मी महाडच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा बाँड रायटर. दुसऱ्यांची भांडणं सोप्या मराठीत टाइप करून देणं हा माझा धंदा, त्यामुळे मला बोलता येतं असा घरच्यांचा समज आहे. मीही तो मोडलेला नाही, कारण बोलणाऱ्याला लाडू दुसऱ्यांदा वाढतात. पण नानांच्या बाराव्याला, पोलादपूरला त्यांच्याच पडवीत, मी उभा राहिलो आणि तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, गहिवरला बिचारा. खरं म्हणजे सुरुवातीला टाकायला एक बरं वाक्य मी शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं. शेवटी खाली बसलो. लाडू तेवढा खाल्ला. राहिलेलं बोलणं आता लिहून टाकतो.

नाना म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुंबईत एका जहाज कंपनीत टायपिस्ट म्हणून चिकटले आणि हेडक्लार्क होऊन सुटले. सुटताना त्यांच्या साहेबानं त्यांना आपला एक जुना पाइप दिला आणि अर्धा उरलेला तंबाखूचा डबा. बाकीची माणसं रिटायर होऊन गावाला घड्याळ घेऊन येतात, शाल घेऊन येतात. हा माणूस पाइप घेऊन आला.

पोलादपूरला तंबाखू काही नवा नव्हता. पुरुष हातावर चुना घालून मळतात, म्हातारे विडी ओढतात, बायका तव्यावर तंबाखू भाजून त्याची मशेरी करतात आणि सकाळी दात घासायला बसल्या की तासभर उठत नाहीत. नानांनी आल्या आल्या या सगळ्यांना एकदम नापास केलं. अख्ख्या तालुक्यात तंबाखू म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नाही, हे त्यांचं मत. आत्या तर घरातलीच गुन्हेगार. ती मागीलदारी मशेरी भाजायला लागली की पुढून हाक यायची, "बंद कर ते! नाक मेलं माझं!" आत्या आतून म्हणायची, "मेलं तर मेलं, बारावं करू." आणि भाजत राहायची. हा संवाद मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय, की मला तो घड्याळाच्या ठोक्यासारखा वाटायचा.

पाइप ओढताना नानांना फारसं कुणी पाहिलं नसेल. ते पाइप तपासत. रविवारी सकाळी, पोटात कोमट पाण्याशिवाय काही नाही, अशा अवस्थेत पडवीतल्या खुर्चीवर बसत. डबा उघडायचा, डोळे मिटून नाक आत. मग चिमूट तळहातावर चोळून मोकळी करायची, बोटांनी दाबून ओल बघायची. गोळा झाला तर ओला, चुरा झाला तर कोरडा, आणि नानांकडे आलेला तंबाखू या दोन्हींच्या मध्ये कधी सापडला नाही. मग पाइपच्या वाटीत भरायचा. पहिली काडी नुसती वरचा थर जाळायला. राख हलक्या हातानं दाबायची, दुसरी काडी लावायची, धूर तोंडात घोळवायचा, गिळायचा नाही, थोडासा नाकातून सोडायचा. शेवटी साहेबाचा डबा उघडून हुंगायचा. त्यातला तंबाखू ते कधी ओढत नसत. तो मापाचा होता. सोनाराकडे कसोटीचा दगड असतो तसा.

आणि मग निकाल. निकाल तीनच होते. बरा असेल तर गवत. वाईट असेल तर पेंढा. त्याहून वाईट असेल तर सुतळी. पास हा प्रकार नव्हता.

एवढ्यावर हा माणूस प्रसिद्ध झाला, हे मला अजून पटत नाही. महाडच्या एमआयडीसीत काही अधिकारी पाइप ओढणारे होते. ते सुट्टीला आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला निघाले की वाटेत पोलादपूरला गाडी थांबवायचे आणि डबे घेऊन पडवीत यायचे. कुणी व्हर्जिनिया आणायचं, कुणी लटाकिया नावाचा धुरी दिलेला काळा तंबाखू. एकानं तर स्वतः मिश्रण बनवून आणलं होतं. काचेच्या बरणीत, अख्खा पावसाळा मुरवलेलं. बायको गाडीत हॉर्न वाजवत होती आणि हा नानांच्या तोंडाकडे बघत पायरीवर उभा.

नानांनी दोन झुरके घेतले. "व्हॅनिला आहे. चेरी आहे. मध आहे. बर्थडे कुणाचा?"

"सर, आणि तंबाखू?"

"तंबाखूला बोलावलं होतंत?"

तो माणूस लाल झाला, हसला, आणि पुढच्या महिन्यात परत आला. ही मला न सुटलेली गोष्ट. अपमान करून घ्यायला माणसं वाट वाकडी करून येत. मीसुद्धा जायचोच की. मला नाना शेजारी स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, "काय येतंय?" म्हणजे धुरात कसली चव लागते ते सांग. मला ठसका यायचा. एकदा हिंमत करून मी "मनुका" म्हणालो.

"मनुका? तू मनुका खाल्ल्यास कुठे?"

"शिऱ्यात."

"पूजेच्या शिऱ्यात. एक. ती पण वाटीच्या तळाला. म्हणे मनुका."

आता हे खरं होतं, म्हणून तर राग यायचा.

या माणसाची जीभ कुठून आली हे आत्यानं मला फार पुढे सांगितलं. कंपनीत रोज अकरा वाजता साहेबाचा पाइप भरून द्यायचं काम नानांकडे होतं. भरायचा, पेटवायला काडी पुढे करायची, आणि टेबलाच्या अलीकडे उभं राहायचं. म्हणजे ज्या जिभेवर अख्खा तालुका नापास झाला, तिला साहेबाचा धूर मिळाला तो समोरून उडत आलेला. मला हे कळलं तेव्हा माझा आठवडा मजेत गेला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी. पण नानांना मुलगी होती. वसू, माझी आतेबहीण. पोलादपूरहून एसटीनं रोज महाडला येऊन शाळेत शिकवणारी. तिला बघायला येणाऱ्या मुलांनाही नानांनी त्याच खुर्चीसमोर बसवलं. पोहे आत्या द्यायची, पाइप नाना द्यायचे. ज्याला ठसका लागला तो कच्चा. ज्याला लागला नाही तो व्यसनी. पनवेलचा इंजिनियर पेंढा निघाला. पतपेढीतला मॅनेजर, फार अत्तर लावून आला म्हणून, व्हॅनिला निघाला. चिपळूणचा एक भला मुलगा होता, त्याला तर तो पायरी उतरत असतानाच, ऐकू जाईल अशा बेतानं, सुतळी म्हणाले. मुलं यायची थांबली. वसू पस्तिशीच्या पुढे गेली. कुणी विषय काढला की नाना म्हणत, "मी गवताला मुलगी देणार नाही." बापाचं प्रेम असं याला म्हणायची पद्धत आहे. मी म्हणत नाही. दुसऱ्याला नापास करण्याची सवय लागली की ती आवरत नाही, मग समोर डबा असो की माणूस.

अशात ती तापाची मोठी साथ आली. नानांनाही ताप येऊन गेला, आठवड्याभरात उठले, परत खुर्चीत बसले. गाड्या परत थांबायला लागल्या. आणि गंमत अशी, की नाना सुधारले. म्हणजे निकाल तेच, पण वर्णन वाढलं. पूर्वी नुसतं गवत म्हणायचे, आता म्हणत, "गवत. पण आमसुलं वाळवलेल्या गोणपाटावर ठेवलेलं." एका लटाकियाला म्हणाले, "जळक्या पातेलीत शिजवलेलं कुळथाचं पिठलं." अधिकारी खूश. एकजण मला म्हणाला, "सरांचा पॅलेट फार डीप झालाय." मी मान डोलावली. पॅलेट म्हणजे चवीची जाण, हे मला घरी येऊन मुलानं सांगितलं.

त्या दिवाळीत आत्याकडे मागीलदारी बसलो होतो. ती मशेरी भाजत होती. धूर असा, की माझ्या डोळ्यांना धारा. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. पुढून हाक आली नव्हती.

"आत्या, नाना घरात नाहीत?"

"हायत की. पेपर वाचतायत." तिनं तव्यावरचं उलथण्यानं हलवलं. "तापापासनं नाक गेलाय त्यांचा. मला कसा कळला सांगू? अशीच भाजत हुते. हाक नाय. म्हटला, झोपले काय. मंग मुद्दाम करपवली. पार कोळसा केला रे. तरी नाय. पुढं जाऊन बगितला तर पेपर वाचतायत." तिनं तव्याखालची आच कमी केली. "त्या दिवशी भ्याले मी."

"मग रविवारचं काय?"

"लोक शनवारी जाताना डबा ठेवून जातात, तो सांजचं घेऊन येतात आत. ओल बग म्हणतात. मंग हळूच इचारतात, तुला काय वाटतंय गो? माजा जन्म गेला, या माणसानं मला काय वाटतंय ता इचारला नवता. मी सांगते. आमसुलाच्या गोणपाटागत. पातेलीत करपल्यागत. ते तसाच बाहेर बोलतात."

मी हसायला लागलो. आत्या हसली नाही.

"आनि वायटच हाय म्हणून सांगायला ते मला इचारीत नाय," ती म्हणाली. "वायट म्हणायला नाक कशाला लागतंय?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वसू कोर्टाबाहेर माझ्या टेबलापाशी आली. अनंतचं नाव मी तिच्या तोंडून तेव्हा ऐकलं. नाव नवं, पण आवाज अख्ख्या महाडला माहीत. हा स्टँडवरचा कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कशेडी घाटात दरड आली, आंबेनळी बंद झाला, हे सगळं भोंग्यावरून सांगणारा. बहिणींची लग्नं करता करता चाळिशीला आलेला. वसू रोज पाचची पोलादपूर गाडी पकडते आणि तो ती गाडी लागली की दोनदा पुकारतो, एवढं त्यांचं प्रेमप्रकरण. बरीच वर्षं चाललेलं.

"दादा, रविवारी त्याला घेऊन ये," वसू म्हणाली. "नानांनी याला पेंढा म्हटलं तर मी उठून याच्याबरोबर निघून जाईन. ठरवलंय मी. पण मला असं उठून जायचं नाहीये रे. आई एकटी त्यांच्यासमोर राहील."

मी आत्याला फोन केला. म्हटलं, मुलगा तंबाखूला शिवत नाही, रिकाम्या हातानं आला तर दारातच सुतळी, आणि डबा आणायचा तर कुठला आणू. आत्या म्हणाली, "डबा रिकामा आण. पर परदेशी आण. बाकीचा मी बगते."

एका अधिकाऱ्याकडून सोनेरी काठाचा रिकामा डबा मागून घेतला आणि शनिवारी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पोलादपूरला पाठवला. त्यात काय भरलं गेलं ते मला रविवारी सकाळी मागच्या दारानं तो परत घेताना समजलं. आत्याचा मशेरीचा काळा तंबाखू. अर्धवट भाजलेला, विळीवर बारीक चिरलेला, गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला. मी तो अनंतच्या हातात दिला. झाकण घट्ट आहे ना ते मी तीनदा तपासलं. त्यानं एकदाही नाही. गाडी तीन तास लेट आहे हे रोज चिडलेल्या माणसांना सांगणाऱ्याला डब्याची धास्ती सहसा वाटत नाही.

नानांनी त्याला पायांपासून वर बघितलं. "कंट्रोलर म्हणजे नेमकं काय कंट्रोल करता?"

"गाड्या."

"वेळेवर येतात?"

"नाही."

"मग करता काय?"

"न आलेल्या गाडीचं नीट सांगावं लागतं. कुणीतरी सांगितलं की माणसं बसून राहतात."

नानांनी डबा घेतला, उघडला, नाक आत घातलं. डोळे मिटले. ते नेहमीसारखेच दिसत होते आणि मला ते बघवेना. "जरा ओला वाटतोय," असं म्हणून ते स्वतःच डबा घेऊन आत गेले. आतलं बोलणं पडवीत स्पष्ट ऐकू येत होतं.

"कसाय गो?"

"बरा हाय."

"बरा म्हणजे? कशासारखा?"

"बरा म्हंजी बरा. सगळ्याचाच वास दुसऱ्या कशागत असावा लागतोय काय?"

 वसू दाराची चौकट नखानं खरवडत होती.

नाना बाहेर आले. चिमूट तळहातावर घेतली, चोळली. तळहाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग वाटी भरली, पहिली काडी, राख दाबली, दुसरी काडी. पहिल्या झुरक्यालाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मशेरीचा तंबाखू म्हणजे काय ते ज्यानं लहानपणी चोरून दाताला लावलाय त्याला विचारा. नानांचे कान लाल झाले. पण बायकांच्या तंबाखूसमोर ठसका येऊ द्यायचा नाही असं ठरवलं असावं. पाइप त्यांनी अनंतकडे दिला.

"काय येतंय?"

अनंतनं ओढला, आणि वाकून खोकत राहिला. "धूर येतोय," तो म्हणाला.

"आणखी?"

"आणखी काही नाही. मला यातलं कळत नाही."

मी डोळे मिटून घेतले. कच्चा, अडाणी, एसटीतला. सुतळीसुद्धा फार झाली. आत्या पदरानं हात पुसत दारात येऊन उभी राहिली. नानांनी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत होती. इतकं सरळ बघताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं.

नानांनी साहेबाचा डबा उचलला. उघडला नाही. परत ठेवला.

"चालेल," ते म्हणाले.

पडवीत कुणालाच हा शब्द ओळखू आला नाही. आत्यानंच पहिल्यांदा विचारलं, "तंबाखू का मानूस?"

"माणसाचं नंतर बघू."

"डब्याबरबरच आलाय तो," आत्या म्हणाली. "डबा ठेवायचा आनि मानूस परत पाठवायचा, असा नाय होत." आणि पोहे आणायला आत गेली.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात महाडला झालं. नानांनी हॉलला नावं ठेवली, जिलेबीला ठेवली, भटजींच्या उच्चारांना ठेवली. बँडला सुतळी म्हणाले. म्हणजे तब्येत उत्तम होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पावसाळा संपता संपता, महाड स्टँडवर. वसूकडे दोन दिवस राहून परत निघाले होते. मी पिशवी पोचवायला गेलो होतो. दुपारची वेळ, बाकावर आम्ही दोघं. घाटापलीकडून यायची गाडी लेट. वर भोंग्यातून जावई सांगत होता, कशेडीला एका बाजूनं वाहतूक सोडतायत, प्रवाशांनी बसून घ्यावं.

"काय हा आवाज," नाना म्हणाले. "ओल्या पिठाच्या गिरणीसारखा."

मी पिशवी मांडीवर घेतली.

"मशेरी होती," ते समोर बघत म्हणाले.

"काय?"

"त्या डब्यात. नाक गेलंय माझं, डोळे नाही गेले. विळीवर चिरलेला तंबाखू तळहातावर कळतो. पाती तिरकी पडते." आणि लगेच, "अडाणी बाई. पाइपचा तंबाखू कुणी गुळात घालतं?"

"मग चालेल कशाला म्हणालात?"

 त्यांनी पिशवीत हात घातला आणि साहेबाचा डबा काढला. रंग उडालेला, कडेनं गंज चढलेला. माझ्या हातात ठेवला.

"हुंग."

"आत्याला का नाही विचारत?"

"ती बरा म्हणेल," नाना म्हणाले. "तू मला कधी बरं म्हटलेलं नाहीस. तू हुंग."

मी झाकण काढलं. तळाशी तपकिरी भुगा होता. नाक आत घातलं, डोळेसुद्धा मिटले, त्यांच्यासारखे. कसलाच वास नव्हता. ओल्या लोखंडाचा थोडासा, बाकी काही नाही. तो वास काल गेला होता की त्यांच्या नाकाच्याही आधी, ते देव जाणे. या भुग्याच्या मापानं या माणसानं चिपळूणच्या त्या भल्या मुलाला पायरी उतरवलं होतं.

"गवत," मी म्हणालो. "गवतसुद्धा नाही, नाना. पत्रा."

त्यांनी डबा माझ्याकडून घेतला. झाकण लावलं, अंगठ्यानं कडेनं दाबत दाबत घट्ट केलं.

"पत्रा," ते म्हणाले. जसा माझा उच्चार तपासत होते.

तेवढ्यात भोंग्यावर पोलादपूर गाडीचा पुकारा झाला. लगेच दुसऱ्यांदा झाला. नाना उठले, पिशवी माझ्याकडून ओढून घेतली, चढताना कंडक्टरला काहीतरी लागट बोलले आणि खिडकीशी बसले. मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. गाडी स्टँडबाहेर वळली तेव्हा खिडकीत ते मला पुन्हा एकदा दिसले. डबा त्यांनी परत उघडला होता, डोळे मिटले होते आणि नाक आत होतं.